आमचे व्याही आणि जुना लॅपटॉप

आमच्या व्याह्यांइतका रागावलेला माणूस मी डिचोली तालुक्यात तर पाहिला नाहीच, पण ज्या पुस्तकांच्या कपाटांमध्ये माझा जन्म गेला त्या पुस्तकांतही पाहिला नाही. पुस्तकांतली माणसे कशावर तरी रागावतात आणि ते प्रकरण मिटले की शांत होतात. व्याही आधी रागावलेले असत आणि मग त्या रागाला जागा शोधत. सकाळी त्यांच्या सुर्ले गावच्या चढावर पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल दिसली की पहिली जागा मिळे. पाव तळहातावर दोनदा उडवून ते "कालच्यापेक्षा हलको" असा निकाल देत. एकदा पोदेर वैतागून म्हणाला, "पात्रांव, पावात हवा आसता." व्याही म्हणाले, "तर हवा तू घेवन वच, पाव हांगा दवर!" म्हणजे हवा तू घेऊन जा, पाव इथे ठेव. त्यानंतर बसचा कंडक्टर, मग वीज, मग वर्तमानपत्रातली शाई हाताला लागते म्हणून वर्तमानपत्र, असे करत दुपारपर्यंत सुर्ल्यातल्या बहुतेक गोष्टींचा समाचार घेऊन होई. माझ्याशी मात्र ते व्याह्याचा मान राखून शुद्ध मराठीत बोलत. "आपण बसावे, आपण चहा घ्यावा" असे चालू असे. राग एका ठरावीक रेषेपलीकडे गेला की मराठी सुटे आणि कोकणी सुरू होई. त्यामुळे त्यांचा ताप मोजायला मला कधी कष्ट पडले नाहीत. आज ते नाहीत. त्यांच्याविषयी शांतपणे लिहावे असे ठरवून बसलो आहे, पण लिहिता लिहिता मलाच राग येतो आहे, आणि त्याचे मूळही तेच आहेत.

आमची सोयरीक जमली तीही एका यंत्राच्या साक्षीने. माझे घर चोपड्याला, नदीच्या काठी. मी पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. माझ्या एकुलत्या एक लेकीला पाहायला व्याही मुलाला घेऊन आले तेव्हा ते पोह्यांना हात लावीनात, मुलीकडे बघेनात. मान तिरकी करून काहीतरी ऐकत राहिले. माझी पत्नी घाबरली. तिला वाटले, मुलगी पसंत नाही. शेवटी ते उठले, मागच्या दाराने विहिरीकडे गेले आणि आमचा पाण्याचा पंप बंद करून परत आले. "बेअरिंग गेले आहे," ते म्हणाले. "हा पंप तुम्हांला नवा म्हणून विकला असणार." तो नवा म्हणूनच घेतला होता. ते ऐकताच ते कोकणीत गेले, ज्या दुकानदाराला त्यांनी जन्मात पाहिले नव्हते त्याचा उद्धार केला, आणि पुढच्या रविवारी बेअरिंग घेऊन आले. पंप दुरुस्त झाल्यावर हात पुसता पुसता म्हणाले, "मुलगी आम्हांला पसंत आहे. ते मी त्याच दिवशी सांगणार होतो, पण त्या आवाजात सुचेना."

ते खाणीवरच्या वर्कशॉपात होते. खनिज वाहणारे टिपर दुरुस्त करण्यात त्यांची सारी हयात गेली. गावात कोणी जुना टिपर घ्यायला निघाला की आधी त्यांच्याकडे येई, आणि विकणाऱ्याने त्यांना येताना पाहिले की तो चहा मागवी. ते चहा पीत नसत. ते मीटरकडेही बघत नसत. सरळ दार उघडून वाकत आणि क्लचच्या पेडलवरचा रबर बोटाने चाचपून बघत. मीटर कोणीही मागे फिरवतो, पण झिजलेला रबर कोणाला पुन्हा जाड करता येत नाही, हे त्यांचे शास्त्र होते. विकणाऱ्याने पेडललाही नवा रबर चढवला असेल तर ते आणखी चिडत, कारण मग तो माणूस नुसता खोटा नव्हे तर अभ्यास केलेला खोटा ठरे. "जुने विकायला माझी हरकत नाही," ते मला सांगत. "मी स्वतः जुना आहे. पण जुन्याला नवे म्हणून विकायचे? रंग मारला की झाले?"

पुढे खाणी बंद पडल्या. टिपर घराघरांसमोर उभे राहून गंजू लागले आणि व्याह्यांच्या रागाला काम उरले नाही. नेमक्या त्याच सुमाराला गावात कॉम्प्युटर शिरले. मुलांचे वर्ग घरातून भरू लागले. ज्यांचे टिपर उभे होते त्यांना नवी यंत्रे परवडत नव्हती, म्हणून जो तो जुना लॅपटॉप घेऊन येऊ लागला आणि महिन्याभरात तो मांडीवर घेऊन हताश बसू लागला. मुळगावच्या एका विधवेने मुलासाठी घेतलेला लॅपटॉप तिसऱ्या दिवशी तापून बंद पडला. ते ऐकून व्याही असे खवळले की त्यांनी माझ्या जावयाला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, समोर बसवून या यंत्राचे सगळे आतडे-कोथळे समजावून घेतले. आणि त्यांना हर्ष झाला. कारण हे तर टिपरच होते! आतली डिस्क एकूण किती तास फिरली याचा हिशेब ती डिस्कच ठेवते, म्हणजे मीटर आला. बॅटरी किती वेळा भरली आणि आता तिच्यात किती दम उरला तेही यंत्र सांगते. आणि कळांवरची झिजलेली अक्षरे, बोट फिरवण्याच्या जागेवर आलेली तुकतुकी, झाकणाच्या सैल बिजागऱ्या, हा सगळा पेडलचा रबर. साठी उलटलेल्या माणसाला अशा रीतीने पुन्हा रागावण्याचा धंदा मिळाला.

त्यानंतर डिचोलीपासून म्हापशापर्यंत जुन्या कॉम्प्युटरचा एकही विक्रेता सुखाने जेवला नसेल. व्याह्यांच्या पिशवीत एक भिंग, एक बारीक पेचकस, एक पेन ड्राइव्ह, कानाला लावायचा हेडफोन आणि इस्त्री केलेला पांढरा रुमाल असे. समोरचा माणूस बोलत असताना ते यंत्र उलटे करून स्क्रूंची डोकी बघत. डोक्यावर ओरखडे असले की यंत्र आधी कोणीतरी उघडले आहे. स्क्रूला गंज असला की यंत्र किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकमध्ये खारे वारे खाऊन आलेले आहे. मग ते हवेच्या फटीला नाक लावून वास घेत. सिगारेट, अगरबत्ती, मासळी, ओल, त्यांना सगळे वेगवेगळे कळे. पाठीवरचा नंबर आणि यंत्राच्या पोटात दिसणारा नंबर ते मोठ्याने वाचून जुळवत, एखादा वकील साक्षीदाराला विचारतो तसे. पडदा पांढरा करून त्यात मेलेले ठिपके शोधत. प्रत्येक कळ चालते की नाही ते पाहायला ते, एका पंख्याच्या कंपनीला पूर्वी पाठवलेले तक्रारपत्र, एका बोटाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत टाइप करत. त्या पत्रात न आलेले इंग्रजी अक्षर नव्हते, असा तो पंखा होता.

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. साखळी गावाकडचा एक विक्रेता शपथेवर सांगत होता की हे यंत्र बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीतले आहे, थंडगार खोलीत ठेवलेले, आणि एका मॅडमनी जेमतेम वापरलेले. या मॅडम मला ठाऊक आहेत. जुन्या स्कूटरच्या जाहिरातीत त्या डॉक्टर असतात, जुन्या फ्रिजच्या जाहिरातीत त्या परदेशी गेलेल्या असतात, आणि त्यांनी कोणतीच वस्तू कधी धड वापरलेली नसते. व्याह्यांनी एक शब्दही न बोलता रुमाल टेबलावर पसरला, यंत्राची फट त्यावर धरली आणि जोराने फुंकर मारली. रुमालावर तांबड्या धुळीचा सडा पडला. त्यांनी ती चिमटीत घेतली, चोळली, विक्रेत्याच्या नाकासमोर धरली. "आमच्या सुर्ल्याची माती बेंगळुरांत कशी पावली रे? चलत गेली?" पुढे झाकणाच्या आत खाणीच्या ऑफिसचा जुना कागदी शिक्का अर्धवट सोललेला सापडला तेव्हा त्यांनी तो बोटाने सरळ केला. मग म्हणाले, "व्याही, म्हजो पगार ह्याच मशीनीर काडटाले!" त्या विक्रेत्याला त्यांनी जे ऐकवले ते मी लिहीत नाही. पण बाहेर आल्यावर रुमाल झटकायचा सोडून त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. ते टाळत टाळत इथवर लिहिले.

आम्हां दोघांना मिळून एकच नात. तिला घरांचे नकाशे काढण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. त्या वर्षी प्रवेश लांबले होते आणि वर्ग गणेश चवथीनंतरच्या सोमवारी सुरू होणार होते. पहिल्या दिवसापासून स्वतःचा, चांगल्या ताकदीचा लॅपटॉप हवा, नाहीतर वर्गात बसून काही उपयोग नाही, असे कॉलेजने लेखी कळवले होते. नवा घेणे जावयाच्या आवाक्यात नव्हते. व्याही म्हणाले, "मी बघतो." पण मला वाटले, हे आजोळाकडून जावे. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला आमच्याकडे माहेराहून लेकीच्या घरी वजें जाते. फळे, नेवऱ्या म्हणजे करंज्या, गणपतीवरच्या माटोळीला बांधायचे सामान, असे सगळे. माझ्या पत्नीने ते किती हौसेने पाठवले होते, आणि व्याह्यांनी त्यातला एकेक नारळ कानाशी हलवून पाहिला म्हणून ती किती दुखावली होती, ते मला आठवत होते. ती आता नव्हती. तिच्या वतीने नातीला एक वजें द्यावे, आणि ते असे द्यावे की व्याह्यांना हलवून बघायला काही राहू नये, असा विचार करून मी मोबाइलवरच्या जाहिरातीतून एक लॅपटॉप ठरवला. विकणारा माणूस फोनवर फार सुंदर बोलला. मी शाळेत ग्रंथपाल होतो हे कळल्यावर "सर, तुमच्यासारख्यांमुळेच आम्ही घडलो" असे म्हणाला. धारगळच्या हमरस्त्यावर, एका पेट्रोल पंपापाशी, त्याने मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले खोके दिले आणि मी त्याला पैसे दिले.

मी खोके उघडले नाही. वजें वाटेत उघडायचे नसते, ते लेकीच्या घरी देवासमोर उघडतात. त्याने स्वतः विचारले होते, "सर, चालू करून दाखवू?" आणि मी, चाळीस वर्षे आत आलेले प्रत्येक पुस्तक पाने मोजून दप्तरी घेणारा माणूस, त्याला म्हणालो, "नको, देवासमोरच उघडू." तो तेव्हा खाली वाकून माझ्या पाया पडला. ते आठवले की आजही माझी पावले भाजतात.

पाच दिवस ते खोके माझ्या देव्हाऱ्याखाली राहिले. चवथीला आम्ही सुर्ल्याला जमलो. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधलेली, तिच्यात रानफळे, सुपाऱ्यांचे घड, काकड्या. आरती झाली. नातीने खोके देवासमोर उघडले, लॅपटॉपच्या झाकणाला हळदकुंकू लावले, जास्वंदीचे फूल ठेवले आणि बटण दाबले. सगळे घर वाकून बघत होते. पडद्यावर एका परक्या कंपनीचे नाव आले. त्याखाली लिहिले होते की हे यंत्र या कंपनीच्या मालकीचे आहे, पुढे जाण्यासाठी कंपनीचा ईमेल आणि परवलीचा शब्द द्यावा. जावयाने दोनदा बंद करून चालू केले. तेच. त्याने हळूच सांगितले की हे असे कुलूप आतून घातलेले असते, आतले सगळे पुसून पुन्हा भरले तरी जात नाही, आणि हा माल कुठूनतरी उचललेला आहे. मी विकणाऱ्याचा फोन लावला. तो नंबर अस्तित्वात नव्हता. तेव्हा पेट्रोल पंपापासून त्याच्या पाया पडण्यापर्यंत सगळे मी सांगून टाकले.

नातीने माझ्याकडे पाहिले नाही. ती मला सांभाळून घ्यायला "होईल काहीतरी, आजोबा" म्हणाली. सोमवार पाच दिवसांवर होता.

मी व्याह्यांकडे बघायला धजत नव्हतो. त्यांचा चेहरा जास्वंदीसारखा झाला होता, पण देवासमोर ओरडायचे नाही म्हणून ते कुजबुजत्या आवाजात रागावू लागले. कुजबुजून रागावणे त्यांना जमत नव्हते. तोंडातून नुसती हवा येत होती. शेवटी ते देवाला हात जोडून, चप्पल न घालता, अंगणात गेले, आणि तिथून त्यांचा आवाज अख्ख्या वाडीला ऐकू आला. "गणपतीफुडें चोरयेचो माल! मास्तर मनशाच्या पांयां पडून! ताका हात कसो जालो!" शेजारची माणसे आपली आरती अर्ध्यावर सोडून धावत आली. मी माझ्यावरच्या माऱ्याची वाट बघत होतो. न तपासता घेतलेत, मला विचारले नाहीत, पेट्रोल पंप म्हणजे काय दुकान आहे का, हे सगळे ऐकायची माझी तयारी होती. ते आत आले, पाय धुतले, आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण जेवून घ्यावे. मोदक गार होत आहेत."

दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या सकाळी ते मला घेऊन पोलीस चौकीत गेले. मी म्हटले, आपल्याला काय करायचे आहे, पैसे तर बुडालेच. ते म्हणाले, "ज्याचा आहे त्याचे काय?" हवालदाराला आम्ही काय म्हणतो ते समजायला वेळ लागला. चोरी झालेले लोक त्याच्याकडे येत, चोरीचा माल आपण होऊन आणून देणारे हे पहिलेच दोन म्हातारे असावेत. त्याने वही उघडली. "घेतला कोणी?" मी तोंड उघडणार तोच व्याही टेबलावर हात आपटून म्हणाले, "आमी दोगांनी." हवालदार म्हणाला, "दोघांनी एकच?" "हय, दोगांनी एकूच. नात एकूच आसा!" त्यांच्या आवाजाला घाबरून त्याने दोघांची नावे लिहिली. मी बाहेर आल्यावर म्हटले, "तुम्ही कुठे होतात त्या पंपावर?" ते एवढे संतापले की मला दोन पावले मागे सरावे लागले. "नाशिल्लों म्हणूनच तर! हांव थंय नाशिल्लों म्हणूनच तर!" म्हणजे मी तिथे नव्हतो म्हणूनच तर.

मग शनिवारी आम्ही म्हापशाला गेलो. भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक बाई जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकत होती. बेळगावकडची, नवरा कारखान्यात कामाला, आणि ही पेचकस केसांत खोचून बसलेली. व्याह्यांनी आत शिरतानाच अंगात राग भरून घेतला होता. शेवटी एक यंत्र समोर आले. त्यांनी ते उलटे केले. बाई म्हणाली, "पाठीमागचे दोन स्क्रू मी बदललेत बघा, जुने गंजले होते." त्यांनी बॅटरीविषयी तोंड उघडले. "बॅटरी थकलीय ओ काका, दोन तास चालंल. मी लिवलंय कागदावर." त्यांनी डिस्कचे तास विचारले. तिने डिस्क नवी घातल्याची पावती पुढे केली. मागच्या मालकाचे काही आत राहिले आहे का, असे विचारल्यावर तिने त्यांच्यासमोर सगळे पुसून यंत्र पुन्हा कोरे केले, आणि कोणाच्या कंपनीचे कुलूप येत नाही हे इंटरनेटला जोडून दाखवले. तिच्या कागदावर यंत्राचा नंबर होता, सहा महिन्यांची हमी होती, आणि खाली यंत्राचे एकूण सात दोष एकाखाली एक लिहिलेले होते.

व्याह्यांची पंचाईत झाली. इतक्या वर्षांत त्यांना खोटे बोलणारे विक्रेते भेटले होते, त्यांच्याशी कसे वागायचे ते त्यांना ठाऊक होते. ही बाई सगळे खरे सांगत होती आणि त्यामुळे त्यांना रागवायला कुठे पाय ठेवायलाच जागा मिळेना. ते घामाघूम झाले. त्यांनी पंख्याच्या कंपनीचे पत्र टाइप केले, कळा सगळ्या चालल्या. फुंकर मारली, रुमाल पांढराच राहिला. ते भिंग घेऊन यंत्रावर असे वाकले की बाई म्हणाली, "काय ओ काका, कॉम्प्युटर घ्यायला आलायसा का पोरगी बघायला?" मी म्हटले, "पोरगी बघायला आले होते तेव्हा इतकेही बघितले नव्हते." व्याही दोघांकडेही डोळे वटारून म्हणाले, "आठवो दोश आसपाकच जाय!" म्हणजे आठवा दोष असलाच पाहिजे. आणि ते खुर्ची ओढून बसले. यंत्र तापते का ते पाहायला दोन तास चालू ठेवले. दुपार झाली. बाईने डबा उघडून आम्हांला भाकरी दिली. ती त्यांनी तळहातावर न उडवता खाल्ली.

शेवटी त्यांनी हेडफोन काढून ठेवला, एक भजन लावले आणि यंत्राला कान चिकटवला. एकदम ताठ झाले. "डावो!" ते ओरडले. "डावो स्पीकर! तबल्याक फाटता!" बाईने कान लावला. पुन्हा लावला. मग केसांतला पेचकस काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "खरंच की ओ. मला कळलंच नव्हतं." तिने कागद ओढला आणि सातव्या दोषाखाली आठवा लिहिला. "दुसरं देऊ का? आहे एक तसलंच." व्याही त्या कागदाकडे बघत राहिले. आणि मग, लग्नात नाही, बारशात नाही, मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिले. "नाका," ते म्हणाले. "हाचे दोश सगळे कळ्ळे. आतां होच बरो."

सोमवारी नात लॅपटॉप घेऊन वर्गात बसली. माझा जीव भांड्यात पडला. पंधरा दिवसांत तिला पहिले काम मिळाले: स्वतःचे घर मोजायचे आणि त्याचा नकाशा काढायचा. टेपचे एक टोक ती धरी आणि दुसरे व्याही. ते दर खोलीत तिच्यावर रागावत, टेप ढिला धरलास, भिंतीला टेकला नाही. सगळी मापे यंत्रात भरल्यावर तिने सांगितले, "आबा, आपली मागची खोली काटकोनात नाही. चार बोटे वाकडी आहे." घरात स्फोट झाला. "हांवें ओळंबो धरून बांदल्या ती! जुनी मशीन ती, तिका कितें कळटा!" ज्या यंत्राला त्यांनी अख्खा दिवस तपासून निर्दोष, म्हणजे आठ दोषांचे, ठरवले होते, ते क्षणात कुचकामी झाले. रात्री जेवण न करता त्यांनी स्वतः दोरी लावून खोली मोजली. सकाळी नातीला एवढेच म्हणाले, "चार न्हय. साडेतीन." मग नकाशाकडे बराच वेळ बघून विचारले, "आणि म्हजें कदेल खंय?" पुढच्या सोप्यात त्यांची एक जुनी हातांची खुर्ची असे, तीत बसूनच ते पोदेराची वाट बघत. नात म्हणाली, नकाशात सामान दाखवायचे नसते. ते एवढे चिडले की तिने लगेच सोप्यात एक लहानसा चौकोन काढला. शिक्षकांनी त्याच्याखाली तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह केले. तिने ते कधी पुसले नाही.

गेल्या शिमग्यानंतर व्याही आजारी पडले. इस्पितळात पहिले दोन दिवस ते सलाइनवर, गादीवर, पंख्यावर यथास्थित रागावत होते आणि आम्ही निश्चिंत होतो. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने पेज आणली. फिकी, पाणचट. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी दोन चमचे घेतले आणि म्हणाले, "बरी आसा." माझी लेक दाराबाहेर जाऊन रडू लागली. आम्हांला सगळ्यांनाच कळले.

त्यांचे असे निमूटपणे जाणे मला अजून पटलेले नाही. इतकी वर्षे सगळ्यांच्या वतीने रागावलेल्या माणसाने स्वतःच्या वेळेला एक शब्द काढू नये, हे मला न्यायाचे वाटत नाही. जगात खोटे बोलणारे काही कमी झालेले नाहीत. रोज मोबाइलवर त्या मॅडम आपली जेमतेम वापरलेली यंत्रे विकतातच आहेत, आणि मी वाचतो आणि एकटाच चिडतो. मला ते नीट जमत नाही. माझा आवाज अंगणापर्यंतही पोचत नाही.

नात आता शेवटच्या वर्षाला आहे. यंत्र तेच, बॅटरी तेवढी नवी घातली. गेल्या रविवारी तिने सुर्ल्याहून फोन केला. या वर्षाचे काम म्हणून तिला पुन्हा तेच घर मोजायचे होते, आज जसे आहे तसे. सोप्यातली खुर्ची लेकीने आत माळ्यावर ठेवली आहे, कोणाला तिच्यात बसवेना म्हणून. नात हळूच म्हणाली, "आजोबा, आजचा नकाशा आहे. मग आबांचे कदेल काढू की नको?"

नदीवरून बोट गेली, तिचा आवाज विरेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "काढ. पण अंदाजाने काढू नकोस, जागा नीट मोजून घे. नाहीतर रागावतील."

फोन तिने कुठेतरी खाली ठेवला असावा. थोड्या वेळाने टेप सर्रकन ओढल्याचा आवाज आला. त्याचे दुसरे टोक कोणी धरले होते, ते मी विचारले नाही.